सायनससाठी नाक धुताय? मग आधी पाण्याचं बघा

सायनसचा त्रास ज्यांना आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. डोळ्यांच्या खाली नि कपाळात ठणका, खाली वाकलं की डोकं जड, घशात सतत काहीतरी उतरतंय आणि रात्री एक नाकपुडी उघडी तर दुसरी ठार बंद. अशा वेळी मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा खरंच चांगला उपाय आहे, ईएनटी डॉक्टर स्वतः सांगतात, जलनेतीवाले तर कधीपासून करतायत. पण मला मनापासून काळजी वाटते ती एका गोष्टीची. लोक दाबायची बाटली घ्यावी की नेती पॉट (जलनेतीचं तोटीवालं भांडं), प्लास्टिकचा की स्टीलचा यावर तासभर बोलतात आणि मग त्यात सरळ नळाचं पाणी भरतात. भांडं कुठलंही घ्या हो, पाण्याच्या बाबतीत मात्र "चालतंय" असं करू नका, म्हणून इथे पाण्याबद्दलच जास्त लिहितेय आणि बाकीचं त्यामागून.

"नळाचंच तर पितो, मग नाकात गेलं तर काय होतंय?" हा प्रश्न हमखास येतो आणि प्रश्न बरोबरच आहे. पिण्याचं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे, त्यात थोडेफार सूक्ष्मजीव असतातच, पण ते पोटात गेले की तिथल्या ॲसिडमध्ये मरतात. नाकात असं काही नाही. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला वास ओळखणाऱ्या नसा असतात आणि त्या बारीक भोकं असलेल्या एका पातळ हाडातून वर थेट मेंदूकडे जातात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमीबा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एकपेशी जीव, गोड्या कोमट पाण्यात राहतो, तो नाकातून आत गेला तर याच वाटेने मेंदूत पोचतो. तेच पाणी प्यायलात तर त्याने हा आजार होत नाही, नाकातून गेलं तरच होतो. असं होणं फार फार दुर्मिळ आहे हे आधीच सांगते, घाबरवायचं नाहीये, पण झालं तर वाचणारे अगदी हाताच्या बोटावर मोजण्याइतके. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन जण असेच गेले, दोघंही नेती पॉटमध्ये नळाचं पाणी घेत होते. २०१८ मध्ये सिएटलच्या एका ६९ वर्षांच्या बाईंची केस डॉक्टरांनी छापली, त्या घरगुती फिल्टरने गाळलेलं नळाचं पाणी वापरायच्या, त्यांना बॅलॅमुथिया नावाच्या दुसऱ्याच अमीबाने गाठलं आणि डॉक्टरांचा संशय त्या पाण्यावरच होता. म्हणजे गाळलं की झालं असंही नाही. आणि हे सगळं टाळायला लागतं काय, तर पाणी उकळणं.

पाणी उकळायचं म्हणजे नक्की किती

बुडाला बारीक बुडबुडे धरले, कडेने वाफ यायला लागली की लोक गॅस बंद करतात. ती उकळी नव्हे. पातेल्यात मधोमध मोठे बुडबुडे वर येऊन फुटायला हवेत आणि चमचा घालून ढवळलं तरी ते थांबता कामा नयेत, अशी खळखळ उकळी आली की मग घड्याळ बघा आणि तिथून पुढे पूर्ण १ मिनिट तशीच राहू द्या. ६,५०० फुटांपेक्षा जास्त उंचीवर राहत असाल तर ३ मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. इलेक्ट्रिक केटल वापरत असाल तर एक लक्षात घ्या, बऱ्याच केटल उकळी आली की लगेच बंद होतात, पूर्ण मिनिट मिळतच नाही, म्हणून मी तरी पातेलंच घेते.

मग झाकण ठेवून त्याच पातेल्यात निवू द्या. घाई म्हणून त्यात नळाचं गार पाणी ओतू नका, बर्फ पण नको, नाहीतर उकळलेलं सगळं फुकट. आणि अर्धवट निवलेलं पाणी घाईघाईत नाकात घेऊ नका, आतली त्वचा फार नाजूक असते, भाजते. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून बघायचं, गरमही वाटलं नाही आणि गारही वाटलं नाही की ते योग्य. उरलेलं पाणी स्वच्छ, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवलं तर २४ तासांत वापरून टाका, त्यानंतरचं झाडांना घाला. सकाळ संध्याकाळ नाक धुणाऱ्यांनी सकाळीच एकदम उकळून ठेवलं की संध्याकाळी आळस येत नाही, बहुतेक वेळा गडबड होते ती या आळसापायीच.

उकळायचं नसेल तर लेबलवर डिस्टिल्ड किंवा स्टराइल असं स्पष्ट लिहिलेलं पाणी घ्या. इथे एक घोळ नेहमी होतो. बॅटरीत घालायचं जे पाणी मिळतं त्याच्यावरही कधी कधी डिस्टिल्ड लिहिलेलं असतं, ते बॅटरीसाठी आहे, शरीरात घालण्यासाठी भरलेलं नाही, ते अजिबात घेऊ नका. पिण्याच्या बाटलीबंद पाण्याचंही तेच, मिनरल वॉटर, पॅकेज्ड वॉटर हे पिण्यासाठी ठीक पण ते स्टराइल नसतं. आरओचं पाणी चालेल का हे तर प्रत्येक जण विचारतो. मशीनच्या आतून पाणी कितीही स्वच्छ येत असलं तरी नंतर ते टाकीत साठतं, टाकी आणि तोटी कधी धुतली कोणाला आठवत नाही, फिल्टर बदलायची तारीख उलटून गेलेली असते. माझं उत्तर एकच, आरओचं असलं तरी उकळा. एक मिनिटाचा तर प्रश्न आहे. अगदी फिल्टरवरच अवलंबून राहायचं असेल तर त्याच्यावर 'ॲब्सोल्यूट पोअर साइज १ मायक्रॉन' किंवा त्याहून कमी असं लिहिलेलं हवं (पोअर साइज म्हणजे फिल्टरच्या भोकांचं माप), नुसतं "९९ टक्के शुद्ध" वगैरे जाहिरातीतलं वाक्य कामाचं नाही. मेडिकलमध्ये सलाइनची सीलबंद बाटली मिळते, ०.९ टक्केवाली, ती चालते, त्यात वेगळं मीठ घालावं लागत नाही, पण एकदा उघडली की ती काही कायम निर्जंतुक राहत नाही, आठवडाभर पुरवून पुरवून वापरू नका. शॉवरखाली उभं राहून नाकात पाणी घेणं पण नको, ते नळाचंच पाणी असतं.

मीठ किती, सोडा किती

साधं पाणी नाकात गेलं की झोंबतं, डोळ्यातून पाणी येतं, हे पोहताना सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. आपल्या शरीरातल्या पाण्यात मीठ असतं, साधं पाणी आलं की नाकातल्या पेशी ते शोषून फुगतात नि आग होते. मिठाचं प्रमाण जुळलं की अजिबात झोंबत नाही, विश्वास बसणार नाही इतकं सहज जातं. ते प्रमाण म्हणजे १ लिटरला ९ ग्रॅम मीठ.

रोज काटा काढून मोजायला नको म्हणून कोरडं मिश्रण करून ठेवायचं, ३ चमचे मीठ आणि १ चमचा खाण्याचा सोडा, कोरड्या चमच्याने नीट मिसळून कोरड्या झाकणाच्या बरणीत. चमचा म्हणजे ५ मिलीचा मोजायचा चमचा, सपाट, शीग लावून नाही. २४० मिली कोमट पाण्याला यातला अर्धा चमचा पुरतो. कफ फारच घट्ट असेल तर वाढवून एक चमचा घेता येतं, जास्त खारं पाणी सूज जरा ओढून घेतं, पण झोंबायला लागलं तर परत अर्ध्यावर या. सोडा घातला की पाणी नाकाला सौम्य लागतं आणि चिकट शेंबूड सुटायला मदत होते. खाण्याचा सोडाच घ्यायचा, बेकिंग पावडर नव्हे, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मीठ आयोडीन नसलेलं आणि त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घालतात ती पावडर नसलेलं असलं तर उत्तम, काही जणांच्या नाकाला या दोन गोष्टींनी चुरचुरतं. हे सगळं जमवायचा कंटाळा असेल तर तयार पुड्या मिळतात, त्यातली मात्रा ठरलेली असते, फक्त पुडीवर किती मिली पाण्याला आहे ते वाचा, सगळ्या पुड्या एकाच मापाच्या नसतात. आणि मिठाच्या पाण्यात आणखी काही घालायचा मोह आवरा. निलगिरीचं तेल, कापूर, कुठला अर्क, हायड्रोजन पेरॉक्साइड, कुठलं अँटिसेप्टिक, काहीही स्वतःच्या मनाने नको. डॉक्टरांनी एखादं औषध त्यात मिसळायला सांगितलं असेल तर ती गोष्ट वेगळी.

बाटलीची सफाई

पाणी उकळलं, मीठ मोजलं आणि बाटली मात्र महिनाभर तशीच ओली पडलेली, असं असेल तर अर्धीच काळजी घेतली. दाबायच्या बाटलीच्या झाकणाला आत एक बारीक नळी असते, ती कधी उजेडात धरून बघा, बऱ्याचदा आत बुळबुळीत थर धरलेला असतो आणि वरच्या टोकाशी काळपट रेघ. तोच थर दररोज नाकात जातो. म्हणून वापरून झालं की लगेच झाकण, नळी, बाटली सगळं सुटं करून साबण आणि गरम पाण्याने धुवा, शेवटचं खळबळणं उकळलेल्या पाण्याने करा, नळीतलं पाणी झटकून काढा आणि सगळं सुटंच, उलटं, स्वच्छ कागदावर वाळत ठेवा. ओली असतानाच झाकण लावून बाथरूमच्या कपाटात कोंबू नका. प्लास्टिकची बाटली साधारण ३ महिन्यांनी बदला, चिरा पडल्या किंवा रंग बदलला तर त्याआधीच. एक बाटली एका माणसाचीच, नवरा-बायको असला तरी दोघांच्या वेगळ्या. आणि सुरू करायच्या आधी हात साबणाने धुवायचे, हे सोपं म्हणून राहून जातं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं

बेसिनवर पुढे वाका, नजर खाली बेसिनच्या जाळीकडे, मग डोकं एका बाजूला कलतं करा, साधारण ४५ अंश, म्हणजे एक नाकपुडी वर आणि एक खाली. मान मागे टाकायची नाही, पाणी घशात नि कानाकडे जातं ते त्यामुळेच. तोंड उघडं ठेवा आणि श्वास फक्त तोंडाने. वरच्या नाकपुडीत टोक नुसतं टेकवा, आत खुपसू नका, आणि बाटली असेल तर हळूच दाबा, नेती पॉट असेल तर नुसता उचलला तरी पाणी आपोआप जातं. पाणी आतून फिरून खालच्या नाकपुडीतून बाहेर पडतं, कधी कधी तोंडातूनही येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, थुंकून टाका. पाणी घशात उतरतंय असं वाटलं तर "अऽऽ" किंवा "क-क-क" असा आवाज काढत राहा, त्याने टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो नि रस्ता बंद होतो, हे खरंच काम करतं. अर्धं पाणी एका बाजूने, म्हणजे १२० मिलीच्या आसपास, मग दुसरी बाजू. मध्ये बोलायचं नाही, गिळायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही.

झाल्यावर लगेच ताठ उभं राहू नका, थोडा वेळ तसंच वाकून डोकं डावीकडे, उजवीकडे, खाली असं फिरवा म्हणजे राहिलेलं पाणी निथळतं. नंतर नाक शिंकरायचं ते हलकेच आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून. एक बाजू बोटाने गच्च दाबून जोर लावला की पाणी आणि जंतू कानाच्या नळीत ढकलले जातात नि मग कान दुखत बसतो. एवढं करूनही तासाभराने काहीतरी उचलायला वाकलात की नाकातून अचानक पाण्याची धार लागू शकते, गालामागच्या पोकळीत थोडं पाणी साचून राहिलेलं असतं ते तेव्हा बाहेर येतं. त्रासाचं काही नाही, फक्त रुमाल जवळ ठेवा. म्हणूनच अगदी झोपायच्या आधी नाक धुऊ नका, निदान तासभर आधी उरका, नाहीतर आडवं झाल्यावर पाणी घशात उतरतं आणि खोकला येत राहतो.

पहिल्या एकदोन वेळेला थोडं विचित्र वाटतं, कान दडा बसल्यासारखे होतात, हलकं चुरचुरतं. पण दर वेळी आग होत असेल तर क्रमाने बघा, मीठ कमी-जास्त झालंय का, पाणी जास्त गरम किंवा गार आहे का, मीठ आयोडीनचं आहे का. कानात दुखलं तर लगेच थांबा, दाब कमी करा, तरी दुखलं तर बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

कोणी विचारल्याशिवाय करू नये

नाक दोन्ही बाजूंनी पूर्ण चोंदलेलं असताना जोर लावून पाणी घालू नका. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर ते कानाकडे जाणार. कानाचं इन्फेक्शन चालू असेल, नाकाचं किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, वारंवार घोळणा फुटत असेल, नाकाला किंवा डोक्याला मार बसला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मार बसल्यानंतर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी गळत असेल तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, तेव्हा नाक धुणं सोडा, सरळ हॉस्पिटल गाठा. प्रतिकारशक्ती कमी आहे, केमो चालू आहे, अवयव बदललाय, मोठ्या डोसचे स्टिरॉइड चालू आहेत, अशांनी सुरू करायच्या आधीच विचारा, कारण अशा लोकांना पाण्यातल्या जंतूंचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. लहान मुलांच्या नाकात बाटलीने पाणी घालणं मोठ्यांच्या मनाने होऊ नये, बाळांना तर नुसते सलाइनचे थेंब, तेही बालरोगतज्ज्ञांनी सांगितले तर.

नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे चालू असेल तर आधी नाक धुवा, १०-१५ मिनिटं थांबा, मग स्प्रे. उलटं केलं की औषध धुऊन जातं. स्प्रे मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या डोळ्याकडे धरायचं, पडद्यावर सारखा मारला की तिथूनच रक्त येतं. आणि चोंदलेलं नाक दोन मिनिटांत मोकळं करणारे जे थेंब असतात, ऑक्सिमेटाझोलीन, झायलोमेटाझोलीन, ते ३ ते ५ दिवसांच्या वर नको, नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. मिठाच्या पाण्याची अशी सवय लागत नाही.

किती वेळा करायचं तर त्रास चालू असताना दिवसातून एकदा किंवा दोनदा, बरं वाटलं की कमी करत आणा. ॲलर्जीवाल्यांना धुळीत काम करून आल्यावर एकदा धुतलं तरी फरक जाणवतो. एक मात्र समजून घ्या, पाणी सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या, आत खोलवर पोचतंच असं नाही, ऑपरेशन झालेलं नसेल तर आत फारच थोडं जातं. पाणी मुख्यतः नाक आणि सायनसच्या तोंडाशी साचलेला चिकटा, धूळ, खपल्या काढतं, मग नाकातले सूक्ष्म केस आपलं काम परत नीट करू लागतात आणि आतला कफ स्वतःहून बाहेर यायला लागतो. म्हणून एका दिवसात चमत्कार होत नाही, जुना सायनस असेल तर काही आठवडे नियमित करावं लागतं. नाकाचा पडदा वाकडा असेल किंवा पॉलिप, म्हणजे नाकातल्या मऊ गाठी, वाढले असतील तर ते धुऊन जाणार नाहीत, तेवढ्यासाठी तपासून घ्यावंच लागतं.

डॉक्टरकडे कधी जायचं? १० दिवस झाले तरी उतार नाही, बरं वाटता वाटता परत ताप आणि ठणका वाढला, एकाच बाजूने घाण वास येणारा पू येतोय (वरच्या दाढेचं मूळ खराब असलं तरी असं होतं, दातही दाखवा), तर थांबू नका. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान ताठ होणं, बडबडणं किंवा गुंगी, डोकं फुटेल असं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. मधुमेह ताब्यात नसलेल्यांच्या नाकात काळी खपली आणि तोंडावर सूज दिसली तरी तेच. नळाच्या पाण्याने नाक धुतल्यावर १ ते १२ दिवसांत जोरदार डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की मी नाक धुते किंवा धुतो आणि पाणी नळाचं होतं. त्यांनी विचारायची वाट बघू नका, हे सहसा कोणी विचारत नाही आणि या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

प्रवासात असाल, उकळायची सोय नसेल, स्टराइल पाणीही मिळत नसेल तर त्या दिवशी नाक धुऊ नका. दाबून फवारायचा सीलबंद सलाइन स्प्रे बॅगेत ठेवा, तेवढ्याने नाक ओलं राहतं, खपल्या सुटतात आणि घरी येईपर्यंत निभतं.